दुखरी नस

३ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ. (आशीर्वाद आधीच देऊन टाकते. पुढे रागाच्या भरात राहून जायचे.)

शनिवारी तू न सांगता निघून गेलास. बाबांच्या डोळ्यावरची पट्टी अजून निघालेली नाही. ते दाराकडे मान वळवून विचारत होते, भुंगा आंघोळीला गेलाय का. मी हो म्हटलं. त्या हिशेबाने तू दुपारपर्यंत आंघोळच करत होतास. शेवटी सांगितलं की मालकाचा निरोप आला, मोठ्या दुकानाची पाटी रंगवायची होती. बाबा खूश झाले. आपला मुलगा म्हणजे अक्षराचा राजा, हे त्यांनी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनासुद्धा टेबलावर पडल्या पडल्या सांगितलं होतं.

तू का गेलास ते मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक आहे. शुक्रवारी तुझे कपडे धुवायला काढले तेव्हा बॅगेच्या तळाशी ते पाकीट सापडलं. नव्या सुया, पाण्याच्या इवल्याशा कुप्या, स्पिरिटचे बोळे. मी रोज डायलिसिसच्या पेशंटना सुया लावते, त्या बघून मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी आपल्याच मोरीत नळ वाहता ठेवून मी त्या दोनदा मोजल्या. पाकीट डब्याच्या पिशवीत लपवून कामावर नेलं आणि वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकून दिलं. तिथे कुणाला शंका येत नाही.

सुटलंय म्हणाला होतास. मी विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं. शेजारच्या काकूंनी विचारलं, भर दुपारच्या उन्हात पोराला पूर्ण बाह्या कशाला, तर मी सांगितलं की रंगाची अ‍ॅलर्जी आहे. आता तूही कुणी विचारलं तर तेच सांग. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

मी केलं ते तुझ्या भल्यासाठी. राग आला असेल तर येऊ दे. बाबांना काही कळवू नकोस. जेवत जा.

तुझ्यावर चिडलेली आणि तरीही तुझीच,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. अक्षर बघून हसू नकोस. शिडीवरून घसरलो, उजवा हात गळ्यात बांधलाय, डाव्याने लिहितोय. एक ओळ लिहायला एक चहा लागतो. बाबांना हे पत्र दाखवू नकोस. अक्षराच्या राजाचं राज्य खालसा झालंय.

पाकिटाबद्दल मी काही बोलत नाही. बोलायला तोंड नाही. शर्ट धुतलेस, गुंड्याही लावून दिल्यास, तेवढं मात्र पोचलं. बॅग उघडली तेव्हा साबणाचा वास आला आणि मी ती परत बंद केली.

बाबांची पट्टी निघाली का? त्यांना पहिलं काय दिसलं ते कळव. फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी लगेच सगळं उत्तम आहे म्हणतो. कागदावर तेवढं सफाईने जमत नाही, निदान डाव्या हाताने तरी.

माया कमी करू नकोस, एवढंच मागणं.
भुंगा

२६ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
आशीर्वाद.

बाबांची पट्टी निघाली. पहिली मी दिसले. म्हणाले, तू किती वाळलीस. म्हणजे नजर उत्तम आहे.

तू मात्र खोटं बोलण्यात लहानपणापासून कच्चा. हात मोडलेला माणूस कुठलं हाड, कुठे लागलं, कुणी उचललं याचं पुराण लावतो. तू शिडीवर एक ओळ लिहून मोकळा झालास. तू फोन करू नकोस म्हणालास म्हणून मी तुझ्या मालकांना केला. ते बिचारे म्हणाले, शिडी कुठली, त्याला गांधीलमाशी चावली, हात भोपळ्यासारखा सुजला, इस्पितळात चिरा देऊन पू काढावा लागला. एकाच हाताच्या दोन कथा. आता तिसरी, खरी, मला लिही.

परत सुरू केलंस ना? मी सगळं फेकून दिलं होतं, तरी कुठून मिळवलंस?

इथे एक ओळ खोडली आहे. तुला खाडाखोड दिसेलच, म्हणून सांगूनच टाकते. तुझी मला लाज वाटते, असं लिहिलं होतं. खोडलं तरी ते मीच लिहिलं होतं.

खरं लिही. त्याशिवाय पुढचं पत्र नाही.
ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न.

परत सुरू केलं नाही, कारण बंद झालंच नव्हतं. सुटलंय म्हणालो ते खोटं. पण ते पाकीट तुला वाटलं तसं नव्हतं.

इथे बाजाराच्या मागच्या गल्लीत नशा करणाऱ्यांसाठी एक केंद्र आहे. तिथल्या सिस्टर नव्या सुया देतात. (एक सिस्टर तू, एक त्या. दोघींचीही मला सारखीच भीती.) पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, आता व्याख्यान मिळणार. त्यांनी बाही वर करायला सांगितली. माझ्या हाताकडे घाण म्हणून न बघणारं माणूस मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. त्या म्हणाल्या, सोडायचं तेव्हा सोड, मी दार उघडं ठेवते, पण तोवर हात शाबूत ठेवू. दर वेळी नवी सुई. दुसऱ्याची घ्यायची नाही, आपली द्यायची नाही. हात धुवायचे. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचायचं नाही, नस थकते, तिला विसावा द्यायचा. लाल झालं, गरम लागलं, सुजलं तर लपवायचं नाही, त्याच दिवशी यायचं. गेलं वर्षभर मी एवढं तरी पाळलं. बाकी कशातच शिस्त नाही, यात होती.

शनिवारी तुझ्याकडून निघालो तेव्हा बॅगेत पाकीट नव्हतं. इथे पोचलो तर केंद्र बंद, ते सोमवारी उघडणार. वेळ उलटली की माझं काय होतं ते लिहीत नाही. अंग पिळवटतं, माणूस माणसात राहत नाही. खोलीवरच्या एकाची वापरलेली सुई होती, बोथट. ती घेतली. डाव्या हातात नस सापडेना, म्हणून उजव्या कोपराच्या आत खुपसत राहिलो, एकाच जागी.

ताई, हे मी तुझ्यावर ढकलत नाही. सुई माझ्या हातात होती. आणि सोमवारी केंद्र उघडलं तेव्हाही मी गेलो नाही, हा तर सर्वस्वी माझा मूर्खपणा. सिस्टरना काय तोंड दाखवू, असं वाटलं. सूज वाढत गेली, ताप चढला, बोटं मिटेनात. शेवटी त्याच मला शोधत खोलीवर आल्या आणि रिक्षात घालून इस्पितळात घेऊन गेल्या.

तिथे सलाइन लावायला नस मिळेना. एकामागून एक येऊन बघून गेले. शिकाऊ डॉक्टर कोंडाळं करून उभे. त्यातला एक म्हणाला, यालाच द्या, हा बरोबर शोधेल. सगळे हसले. मीही हसलो. का हसलो कुणास ठाऊक. मग मीच डाव्या पायावरची एक जागा दाखवली.

हात वाचला. अंगठ्याजवळची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. ब्रश धरता येत नाही. मालक पाट्या घासायला देतात, ते डाव्या हाताने करतो. केंद्रावर आता सुईऐवजी जिभेखाली ठेवायची गोळी मिळते, रोज सिस्टरसमोर घ्यायची. बहुतेक दिवस तेवढ्यावर निभतं. बहुतेक म्हणजे रोज नाही, हेही खरंच लिहितो.

तू ओळ खोडलीस. खोडायला नको होती. मलाही तेच वाटतं.

उत्तर आलं नाही तरी समजून घेईन.
भुंगा

३० मार्च

चि. भुंग्यास,

काय लिहून सुरुवात करू? आशीर्वाद देणाऱ्याचा हात तरी स्वच्छ असावा लागतो. तरी देते. घे.

तुझं पत्र मी डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि परत कामावर गेले. माझ्याकडे एक आजोबा येतात. त्यांच्या हातावर खास नस तयार केलेली आहे, डायलिसिससाठी. बोट ठेवलं की मांजरासारखी गुरगुरते. त्यांच्या खाटेवर मी स्वतः पाटी लावली आहे की या हातातून रक्त काढू नये, या हातावर बीपी घेऊ नये. दर वेळी मी सुईची जागा बदलते, कारण एकाच जागी टोचलं की नस फुगते, वाया जाते. आजोबा कुरकुरले की मी दटावते, आजोबा, ही तुमची जीवनवाहिनी आहे, लाडाने ठेवायची. त्या दिवशी हे सगळं मी बोलले आणि सुई हातात तशीच धरून उभी राहिले. आजोबांनी विचारलं, पोरी, बरं नाही का तुला.

तुझ्या सिस्टर तुला जे सांगतात ते मी रोज परक्या माणसांना सांगते. मला येत होतं सगळं. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू बाबांच्या डोळ्यात औषध घालायला वाकलास, तेव्हा तुझी बाही वर सरकली आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. मला तुझा हात वाचवायचा नव्हता रे, मला तो दिसायला नको होता. पाकीट फेकलं तेही त्यासाठीच. तुझ्या भल्यासाठी म्हणून लिहिलं, ते तुझ्या शिडीहून मोठं खोटं होतं.

गेल्या मंगळवारी रजा टाकून मी तुझ्या गावी आले होते. दुकानासमोरच्या फुटपाथवर उभी होते. तू एक जुनी पाटी घासत होतास, उजवा हात पोटाशी धरून. मालक तुझ्याशी काहीतरी बोलले आणि तू हसलास. मला रस्ता ओलांडता आला नाही. गाड्या फार नव्हत्या.

मग बाजारामागचं केंद्र शोधत गेले. बाकावर चारपाच माणसं बसली होती, एक अगदी माझ्या वयाची बाई, पर्स मांडीवर घेऊन. मी सिस्टरना म्हटलं की एक पाकीट हवं आहे. त्यांनी विचारलं, कुणासाठी. मी म्हटलं, माझ्याकडच्या एका पेशंटसाठी. जीभ आपसूक वळली. त्या पाकीट बांधायला लागल्या. मला स्वतःची इतकी शिसारी आली की मी मोठ्याने म्हटलं, पेशंट नाही, माझा भाऊ आहे. बाकावरचे सगळे बघायला लागले. त्या बाईने सरकून मला जागा करून दिली. मी तिथे बसून रडले. सिस्टर म्हणाल्या, भुंगा ना, तुमच्याबद्दल बोलतो तो, म्हणतो, ताईचा हात एकदम हलका आहे, पेशंटला सुई कळतसुद्धा नाही. हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाकीट घरी आणलंय. कपाटाच्या खालच्या खणात ठेवलंय, कुलूप नाही. गोळीवर निभलं तर धूळ खाईल, खाऊ दे. तू घरी येशील तेव्हा दार बंद करून कोपऱ्यात एकटा बसू नकोस, मला हाक मार. मला ते बघवणार नाही. तरी मार.

आणि बाबांना मी सगळं सांगितलं. विचारलं नाही तुला, माफ कर. सांगताना मी मान खाली घालून बसले होते. वाटलं, आता गेलेल्या आईचं नाव काढतील, घराण्याचं नाव काढतील, मला दोष देतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एवढंच विचारलं, "दुखतं का त्याला?"

एवढ्या पत्रांत मी तुला कुणी उचललं विचारलं, कुठून मिळवलंस विचारलं. हे विचारलं नाही. म्हणून आज विचारते. दुखतं का रे?

उत्तराची वाट बघणारी,
ताई

४ एप्रिल

ती. ताईस आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हो, दुखतं. सकाळी उठल्यावर जास्त. गार पाण्यात हात घातला की खांद्यापर्यंत कळ जाते. इतकी माणसं तो हात बघून गेली, पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मंगळवारी तुला फुटपाथवर पाहिलं होतं. मालकांनी सांगितलेल्या कशावर हसलो नव्हतो, तुला बघून हसलो. तू येतेस की जातेस याची वाट बघत होतो. गेलीस तेव्हा वाटलं, बरोबरच आहे.

सिस्टर म्हणतात की घराजवळही असंच केंद्र आहे, गोळी तिथे मिळेल, त्या चिठ्ठी देतील. मी रविवारी येतो. किती दिवस राहीन, मध्ये घसरेन का, काही कबूल करत नाही. अर्ध्या बाहीचा शर्ट घालून येणार आहे. काकू दारात असतील तर तू घाबरू नकोस.

बाबांना म्हणावं, हात दाखवेन. उजेड चांगला असेल अशा वेळी बघा.

येतो.
भुंगा