अर्धं बोट आत

१९ मार्च, मंगळवार, दुपार

प्रिय पिटुकले,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तिकडेही ठीक असेल अशी आशा, असं लिहायची पद्धत आहे. वॉर्डात झोपलेल्या माणसाला ते लिहिणं म्हणजे चेष्टाच. अक्षर बघून दचकू नकोस, हे कोंबडीचे पाय माझ्या डाव्या हाताचे आहेत. उजवा हात संपावर गेलाय. आईने सांगितलं असेलच. की नाही सांगितलं? तुझ्याजवळ बसली की तिला जगात दुसरं कोणी आठवत नाही.

बघ, सुरुवातच टोमण्याने झाली.

तुझ्या खिडकीतल्या कुंडीला मी रोज पाणी घालते. दुकानातलं मोठं शिलाई मशीन दुरुस्त झालं, पण चालवणार कोण? गायकवृंदाचे बत्तीस डगले कापून तसेच पडलेत.

हाताचं असं झालं. तुला परत दाखल केलं त्या दुपारी मी कात्री उचलायला गेले, तर बोटं वळेचनात. नसांच्या डॉक्टरांनी सुया टोचल्या, फोटो काढले. सगळं शाबूत निघालं. ते म्हणाले, हे सोंग नाही, पण दुखणं हातात सुरू झालेलं नाही. त्या दिवशी घरात काय घडलं होतं? मी म्हटलं, धाकट्या बहिणीला दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांनी समजुतीने मान डोलावली. त्यांना वाटलं, हिचा बहिणीवर किती जीव! मी त्यांना तसंच वाटू दिलं.

खरं म्हणजे मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही, तू जन्मलीस तेव्हापासूनचा. तुला दम लागायचा, तुझं पोट बिघडायचं, तुझ्या उशाशी आई बसून असायची. "थोरलीचं काही बघावं लागत नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, आणि खरोखरच बघायची नाही. एकदा मी ताप यावा म्हणून ओल्या केसांनी दिवसभर गच्चीत बसले. मला मेलीला साधी शिंकसुद्धा आली नाही.

जानेवारीअखेर तू दवाखान्यातून घरी आलीस. वजनाचा काटा माळ्यावर गेला, मोठा आरसा शेजाऱ्यांकडे. तिच्यासमोर अंगाच्या मापाचा विषय काढायचा नाही, असं तुझ्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. मी पडले शिंपीण, दारातून आत येणाऱ्याची कंबर नजरेने मोजणारी. तरी तोंडाला कुलूप लावलं.

एका शुक्रवारी मी त्या डगल्यांचं काम मिळाल्याचं सांगत घरात शिरले. दुकान काढल्यापासूनचं सगळ्यात मोठं काम. आई म्हणाली, "श्श, ती जेवतेय." तू अर्धी वाटी सूप संपवलंस आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी माझं ताट वाढून घेतलं, संपवलं, पुन्हा वाढून घेतलं. मी तीस वर्षं ताट चाटूनपुसून साफ करतेय गं. माझ्या ताटाकडे बघून कुणाच्या डोळ्यांत काही आलेलं मला आठवत नाही.

बुधवार, सकाळ

काल इथेच थांबले. हात दुखत होता म्हणून, असं लिहिणार होते. डावा हात मुळीच दुखत नाही.

गेले तीन आठवडे आई मला भरवते. दुपारी घटकाभर तुझ्याकडून घरी आली की हात धुते, माझ्यासमोर खुर्ची ओढते आणि "आ कर" म्हणते. लाज वाटायला हवी. मी मात्र मुद्दाम सावकाश चावते. डाव्या हाताने पानंच्या पानं लिहिणाऱ्या बाईला डाव्या हाताने चमचा कसा धरता येत नाही, हे तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

आता लिहितेच. तुझा निळा स्कर्ट गेल्या महिन्यात आईने माझ्याकडे टाकला होता, खालची दुमड उसवली होती म्हणून. तो त्या शुक्रवारचा दुसरा दिवस. दुमड पाच मिनिटांत घातली. मग दोन्ही बाजूंच्या शिवणी अर्धं बोट आत घेतल्या. तेव्हा माझा हात सुरेख चालला.

सोमवारी तू तो घातलास. हुक लावता लावता थांबलीस आणि मला विचारलंस, "ताई, मी वाढले का गं?"

मी म्हणाले, "मला काय माहीत?"

त्या दुपारी तू वाटी बाजूला सारलीस. नवव्या दिवशी बाथरूममध्ये कोसळलीस. या आजारात असं उलटतंच, असं सगळे म्हणाले, आणि मीही हो ला हो केलं. तुझा जीव जावा असं माझ्या मनात नव्हतं. तुझं कौतुक थोडं कमी व्हावं, इतकंच होतं. झालं भलतंच, आईने मुक्कामच तिकडे हलवला.

गप्प बसले असते कदाचित. पण परवा आई रडत सांगत होती की तू घास परत करताना दर वेळी त्या स्कर्टाचं नाव काढतेस. तुम्ही सगळे मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलता, कापड खोटं बोलत नाही, म्हणतेस. त्यावर तिच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडे आहे.

स्कर्ट सोबत पाठवतेय. शिवण मी मुद्दामच उसवली नाही. आतून उलटा कर. शिवणीच्या बाहेर जी माया, म्हणजे जादाची कापडाची पट्टी, सोडलेली दिसेल, तिच्यात जुन्या शिवणीची बारीक भोकं ओळीने दिसतील. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, भोकांवरून बोट फिरव. मग डॉक्टरबाईंना दाखव. आईलाही दाखव. त्यानंतर ती मला भरवणार नाही, कदाचित माझ्याशी बोलणारही नाही. आज दुपारी ती आली की चमचा मी माझ्या हातात घेईन.

हेवा अजून गेलेला नाही. हे लिहितानाही वाटतंय, पत्र वाचून आई तुलाच जवळ घेईल. घेऊ दे. तू जेव.

तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर महिनाभर उशिरा देतेय. नाही गं, तू वाढली नव्हतीस.

जिचं काही बघावं लागत नाही ती,
तुझी ताई