बिनघडीचा मोर

११ सप्टेंबर, गुरुवार

आपांच्या पार्लरमध्ये लागून पाच दिवस झाले. अजून ब्रशच धुतोय. गणपतीच्या कारखान्यात तीन सीझन मूर्तींचे डोळे आखले, लोक म्हणायचे अभ्याने आखलेला गणपती बघतो. इथे शाम्पूची बाटली हातात. रुखसानाआपा म्हणतात, "मूर्ती हलत नाही बेटा. बाई हलते, घामेजते, रडते. आधी ब्रश धू."

चारला एक मुलगी आली. कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात कार्ड. सृजना. वडील नेपाळहून सुप्याला वॉचमन म्हणून आले, ही जन्मली सुप्यातच. बोलायला लागली आणि मी गार. माझ्या कर्जतच्या चुलत्यांपेक्षा गावरान.

"नवरात्रात आमच्या ग्रुपचा दांडिया हाय. फायनल मोरपंखी रंगाच्या दिवशी. मला डोळ्यावर मोर पायजे. लांबनं दिसला पायजे, आन् तीन तास नाचून बी ऱ्हायला पायजे."

तिच्या पापण्यांना घडीच नाही. डोळ्याच्या वर सगळं सपाट, गुळगुळीत, कोऱ्या पाटीसारखं. दोन पार्लरवाल्यांनी तिला सांगितलं म्हणे, तुमच्या डोळ्यांना नुसतं काजळच बरं. आपा "बघू" म्हणायच्या आत मी बोललो, "होऊन जाईल."

आपांनी माझ्याकडे बघितलं. इंजिनिअरिंगचं कॉलेज सोडलं तेव्हा प्राचार्यांनी असंच बघितलं होतं.

ब्रश बादलीत पडला होता. कधी पडला माहीत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सृ. सृ. सृ. बास.

१४ सप्टेंबर, रविवार

सृ.ची सुट्टी. पहिला प्रयोग. आपा म्हणाल्या, तू बोललास, तूच कर.

शिकवल्याप्रमाणे केलं. डोळे मिट, म्हणालो. खाली हिरवा, घडीच्या जागी गडद निळा, वर सोनेरी. पाऊण तास. मिटलेल्या डोळ्यांवर असा मोर उतरला की मलाच माझं कौतुक. आपांनीही चष्मा लावून बघितलं.

"उघड."

उघडले. मोर गायब! सगळा रंग पापणीसकट आत गेला. बाहेर राहिली भुवईखाली एक सोनेरी रेघ. दहा मिनिटांत हिरव्याचा छापही वर उठला, रबरी शिक्का मारल्यासारखा.

सृ.ने आरशात एकदा बघितलं. मग म्हणाली, "मग मी काय डोळे मिटून नाचू व्हय? टिपरी कुणाच्या टाळक्यात बसंल?"

आपा हसून हसून खुर्चीवर. मी नाही हसलो. ब्रश आपटला. आपा: "तो तुझ्या पगारातून."

१५ सप्टेंबर, सोमवार

घरी स्वतःवर सराव. डाव्या डोळ्यावर हिरवा लावला आणि नेमका गावाकडून वडिलांचा, म्हणजे दादांचा, व्हिडिओ कॉल. उचलला गेला. दादांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग आईला हाक मारून म्हणाले, "ये गं, बघ, इंजिनेर झालाय."

माझ्या पापणीला घडी आहे, सराव फुकट. आपा म्हणाल्या, वांग्यावर कर, वांग्याला कुठे घडी असते? गावाकडून आलेली चार वांगी रंगवली. छान दिसतात. पण वांगं डोळा उघडत नाही ना!

१७ सप्टेंबर, बुधवार

सापडलं! ऑनलाइन बारीक पट्ट्या मिळतात. पापणीवर चिकटवायच्या, घडी पडते. मग नेहमीसारखा मेकअप. मागवल्या. शनिवारी येतील. गुलाबी डबीत घालून देणार.

२० सप्टेंबर, शनिवार

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

सृ. पहिली शिफ्ट करून साडेचारला आली. डबी दिली. उघडून विचारलं, "काय हाय हे?" मी उत्साहात, ह्यानं तुझ्या डोळ्याला घडी पडेल, मग सगळं नीट होईल.

"नीट म्हंजी?"

तिथेच गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "म्हणजे सगळ्यांसारखे."

तिने डबी बंद केली. अगदी सावकाश. "शाळंत पोरं मला चिनी म्हनायची. मी वर्गात पयली यायची तरी चिनी. कंपनीत मी तपासनीला हाय, अख्ख्या लायनीत सगळ्यात बारीक चिरा मला दिसत्यात, तरी नवा सायब इचारतो, एवढ्याशा डोळ्यांनी दिसतं का? मी तुझ्याकडं डोळं दुरुस्त कराया आले न्हाई. रंगवाया आले."

आणि मी काय करावं? माफी? नाही. माझं डोकं फिरलं. मी तुझ्यासाठी पाच दिवस वांगी रंगवतोय, म्हणून ओरडलो. अख्खं पार्लर, एक नवरी, तिची मावशी, सगळ्यांसमोर.

सृ. गेली. डबी टेबलावर.

आपा नवरीच्या मेकअपकडे वळल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी पार्लर उघडताना आपा बोलल्या. "तू कालच्या मुलीला सांगितलंस की तुझा चेहरा चुकलाय. चेहरा चुकत नसतो, बेटा. हात चुकतो."

दुपारी गणपतीच्या कारखान्यात गेलो, जुने ब्रश आणायला. एक मूर्ती शिल्लक होती, सोंडेला तडा गेला म्हणून कुणी नेली नाही. डोळे मीच आखलेले. दारातून बघितलं तर बघत होती माझ्याकडे.

आणि डोक्यात लख्ख! गणपतीचे डोळे मी कधी मिटवून रंगवले? मूर्तीला पापणी मिटायची सोयच नसते. आधी भक्त उभा राहतो तिथे जाऊन उभं राहायचं, तिथून काय दिसतं ते बघायचं, मग आखणी. तीन वर्षं हेच केलं आणि इथे येऊन विसरलो. दिसणारा डोळा उघडा असतो. मग उघड्याच डोळ्यावर आखायचं! घडी असो नसो, काय फरक पडतो? उलट घडी नाही म्हणजे मधे मोडता नाही. पापणीपासून भुवईपर्यंत अख्खी भिंत मोकळी.

सायकल (माझी स्कूटर, तिला सगळे सायकल म्हणतात) दामटत थेट सुपा. घर माहीत नव्हतं, म्हणून तिच्या कंपनीच्या गेटवर; तिथे तिचे वडील ड्युटीला. आजवर फोटोतच बघितले होते. म्हणाले, "कोण आपण?"

म्हणालो, "मी वांगीवाला."

काय बोललो मी!! ते म्हणाले, "आज वांगी नकोत." आणि शटर लावल्यासारखं तोंड मिटून घेतलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. काल रात्री सृ.ला मेसेज केला. चार वेळा लिहून खोडला, शेवटी एवढंच: चूक माझी. तुझे डोळे बरोबर आहेत. मला उघड्या डोळ्यांवर एकदा करू दे.

आज दुपारी उत्तर. "पप्पा म्हनले येक येडा वांगीवाला आल्ता. तू व्हतास?"

हो.

"बुधवारी येते. बोलायचं न्हाई. नुसतं रंगवायचं."

२४ सप्टेंबर, बुधवार

बोललो नाही. (तीनदा बोललो.)

खुर्ची सरळ. तिला सांगितलं, डोळे उघडे ठेव, समोर बघ. समोर कोण? मी. गणपतीने कधी असं बघितलं नव्हतं.

उघड्या डोळ्यात पापणी जिथे आत जाऊन दिसेनाशी होते, त्याच्या वर पेन्सिलीने तीन टिंबं दिली, आत, मधे, बाहेर. मग चार पावलं मागे जाऊन बघितलं. टिंबं दिसतात? दिसतात. रंग तिथवर न्यायचाच. पापणीच्या केसांपाशी सगळ्यात गडद निळा, वर जाताना हिरवा, त्याच्या वर मोरपंखी, कडेला सोनेरी. आडवा नाही, खालून वर, सूर्य उगवल्यासारखा. लायनरही उघड्या डोळ्यावर, जाड. बारीक ओढला तर आत गडप होतो. शेपूट बाहेर, भुवईच्या टोकाकडे.

टिकण्याचं आपांनी सांगितलं. सपाट पापणीचा वरचा भाग खालच्याला घासतो, म्हणून छापा उठतो. क्रीम कमी. आधी प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, अगदी पातळ, त्यावर पावडर, मग रंग. आणि रंग ब्रशने फासायचा नाही, बोटाने थापायचा. थोडा थापायचा, थांबायचं, परत थोडा.

शेवटी रंग बसवायचा फवारा. "आरशात बघ."

सृ. बघत राहिली. डोळे मिटले, उघडले, मिटले, उघडले. मोर जागेवर.

मग उठून दारापर्यंत गेली, तिथून आरशात बघितलं. "लांबनं बी दिसतोय की रं."

पहिल्यांदा रं म्हणाली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

टिकाऊपणाची परीक्षा. कल्पना तिची. पहाटे साडेपाचला सुप्याला गेलो, त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून दोन्ही डोळे केले. डाव्याला पावडर एकदा, उजव्याला दोनदा. तिचे पप्पा चहा घेऊन उभे. म्हणाले, "वांगीवाला चांगलं रंगवतो." त्या डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा लावून ती आठ तास मशीनपाशी.

साडेतीनला फोन. "रिपोर्ट घे. उजवा पास. डावा रिजेक्ट, बाह्येरच्या कोपऱ्यात छापा. दोनदा पावडर फिक्स."

"आणि साहेब काय म्हणाले?"

"कोन, तो नवा? सकाळपासनं धा येळा लायनीवरनं फिरला. शेवटी म्हनला, मॅडम, आज तुमच्याकडं बघून भ्या वाटतंय."

"मग?"

"मी म्हनलं, वाटू द्या."

२९ सप्टेंबर, सोमवार. मोरपंखी.

फायनल सावेडीत, मैदानावर. साडेतीनला सुरुवात केली, पाचला संपलं. खालच्या पापणीलाही एक नारंगी रेघ दिली, ऐन वेळी सुचली. आपांनी हात लावला नाही. नुसत्या म्हणाल्या, "माशाल्ला."

मी दोरीच्या पलीकडे, भक्ताच्या जागी. चाळीस पावलांवरून तिचे डोळे दिसत होते. मागची पोरं: "ती निळ्या डोळ्यांची कोण रे?" एकजण म्हणाला, "चिनी आहे." माझी मूठ वळली. कॉलर धरलीही. तेवढ्यात गोल फिरत ती दोरीपाशी आली, नाचता नाचताच, ताल न सोडता म्हणाली, "सोड त्याला. मोर बघू दे त्यानला." आणि पुढे गेली.

सोडला. तो बिचारा म्हणाला, "भाऊ, मी पुढं 'छान दिसते' म्हणणार होतो."

तीन तास. घामाने सगळ्यांची काजळं गालावर. तिचा मोर तसाच. ग्रुपचा दुसरा नंबर, पण शृंगाराचं बक्षीस सृजनाला. एक पैठणी, मोरपंखीच. माईकवर तिला विचारलं मेकअप कुणी केला. तिने बोट दाखवलं. म्हणाली, "गनपतीचे डोळे आखनाऱ्यानं."

आपा रडल्या. त्यांचंही काजळ गालावर.

३० सप्टेंबर, मंगळवार

तीन गिऱ्हाइकं आली, त्यातली एक मिझोरामची नर्स, इथल्या दवाखान्यात असते. म्हणाली, नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी "घडी पाडू का" असं विचारलं नाही.

आपांनी माझ्यासाठी वेगळी खुर्ची मांडली. ब्रश मात्र अजून मीच धुतो.

२ ऑक्टोबर, दसरा

सृ.ला सोनं द्यायला गेलो. आपट्याचं पान हातात ठेवलं आणि बोलून टाकलं. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. वाक्य चांगलं नव्हतं. वांगीसुद्धा आली त्यात.

तिने बघितलं, उघड्या डोळ्यांनी, समोर. मग पर्समधून कंपनीचा एक पिवळा स्टिकर काढला आणि माझ्या शर्टाच्या खिशावर चिकटवला.

पिवळा म्हणजे होल्ड. पास नाही, रिजेक्ट नाही. परत तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवायचा माल.

"किती दिवस?"

"माल कसा हाय त्यावर."

४ ऑक्टोबर, शनिवार

उद्या कर्जतला जातोय, कोजागिरी करूनच येईन, हे सृ.ला सांगितलं होतं. सकाळी पार्लरमध्ये येऊन एक पिशवी ठेवून गेली. आत पैठणी. तशीच, दुकानातल्या घडीत.

"तुझ्या आईला दे. घडी मोडाया."

मी साडी उलटसुलट करून बघत होतो, तर म्हणाली, "माझ्याकडं घडी न्हाई, तुला म्हाईतच हाय. ह्या साडीला हाय. आईकडनं मोडून आन, मंग मी नेसंन."

आणि शिफ्टला गेली. आपा दारापर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "तुम्हा लोकांत घडी मोडायला कुणाला देतात रे?"

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी, कर्जत.

काल धीर झाला नाही, आज संध्याकाळी पिशवी आईला दिली. मैत्रिणीची आहे, म्हणालो. आईने साडी मांडीवर घेतली, पदरावरचे मोर बोटाने मोजले, उघडली नाही. "लई भारी हाय. पर घडी मोडायला घरच्या बाईला देत्यात, अभ्या. सासूला, जावंला, नंदंला. परक्याला कुनी देत न्हाई. तिला ठावं हाय का?"

मला माहीत नाही. सुप्यात जन्मली, वाढली. शेजारच्या बायका घरात घडी मोडायला साडी देताना बघितल्याच असतील. का नुसतं ऐकून, छान वाटलं म्हणून? फोन लावला. दुसरी शिफ्ट. फोन लॉकरमध्ये. मेसेज टाकलाय: आई विचारते तुला माहीत आहे का. एकच टिक आली, दुसरी येत नाही.

दादा बाहेरून: "इंजिनेर, काय ठरतंय?"

आई आरशासमोर उभी आहे. साडी खांद्यावर, अजून घडीतच. खिशावरचा पिवळा स्टिकर मी इथे येताना काढला नव्हता, तिने तोही बघितला, विचारला नाही.

"बोल बाबा लवकर," म्हणते, "दूध आटत आलंय, बाया यायला लागतील. नेसू का? येकदा मोडली की परत तशी बसत न्हाई बघ."