तरंगणारी राख

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६
क्षमा असावी. माझ्यासारखीने रोजनिशी लिहिणे म्हणजे धाडसच! पण हे सांगू कोणाला? पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी परदेशातल्या एका विद्यापीठाने शेवटच्या दोघींत मला निवडले आहे.

माझा विषय — वीजकेंद्राच्या तलावावर तरंगणारी राख. तिचा प्रत्येक कण काचेचा, गोल, आतून पोकळ. सूक्ष्मदर्शकाखाली असंख्य चंद्र शेजारी-शेजारी निजलेले दिसतात.

शनिवार, १०
शेजारच्या नाहीदने तिच्या झेरॉक्सच्या दुकानात मी पाठवलेल्या अर्जाची प्रत वाचली.
"काऊन वं रोशनी, हा अर्ज होय का माफीनामा? पयल्याच ओळीत सॉरी!"
बोर्डात मराठी माध्यमातून पहिली आलेली मी. इंग्रजीच्या दारात मात्र चपला काढूनच उभी राहते.

मंगळवार, १३
तिथल्या प्राध्यापकांचे पत्र. 'इतरांच्या नमुन्यांत निम्मे गोलक फुटलेले असतात. तुमचे अखंड कसे? तीस तारखेपर्यंत पद्धत सविस्तर कळवा. निवड त्यावरच होईल.'
प्रबंधात मी लिहिले आहे — 'प्रमाणित चाळणीने वेचले.'
खोटे आहे ते.

गुरुवार, १५
ते आईने वेचले. आई — मनकर्णा — त्याच तलावावर रोजंदारीने तरंगती राख गोळा करते. विभागात हसतील, या भीतीने मी चाळणी लिहिली. कोणी विचारलेही नाही.

रविवार, १८
आज सकाळी तिच्यासोबत काठावर गेले. पाणी, धुके, आभाळ — सारे एकाच रंगाचे. काठ कुठे संपतो, तेच कळेना. वाऱ्याने राखेची साय एका कडेला आणलेली. आईने जुने लुगडे भिजवून पाण्याखाली सरकवले आणि झोपलेले मूल उचलावे तशी ती साय अलगद उचलली. किती वेळ पाहत राहिले, कोण जाणे!

"आई, चाळणी काऊन नाई घेत?"
"चाळणीनं फुटते थे. ओलं लुगडं खालून घातलं का आपसूक येते."
मग हसून म्हणाली, "तुह्या पुस्तकात लिवलं असन ना हे?"
मी "हो" म्हटले.

शनिवार, २४
प्राध्यापकांना द्यायच्या उत्तरात चाळणीचे वर्णन इतके सुंदर साधले आहे की मलाही खरे वाटू लागले!

गुरुवार, २९
नाहीदला सगळे सांगितले. ती भडकलीच — "आता खरं सांगशीन त जागा जाईन ना, पागल! डिग्रीवरबी बोट ठेवतीन."
जाईल. ठेवतील.
स्वप्नात लुगडे पाण्याखालून वर येतच राहिले. त्यात काहीच नव्हते.

शुक्रवार, ३०
चाळणीचे पत्र पुसून टाकले. नवे लिहिले. जन्मभर विनाकारण माफी मागत आले. आज कारण होते, म्हणून एकदाच मागितली. प्रबंधातली चूक माझ्या विद्यापीठालाही कळवली.
'पद्धत : ओले लुगडे, सकाळचा वारा. पद्धत शोधणारी व नमुने वेचणारी : मनकर्णा. शिक्षण चौथी. माझी आई.'
ती डबा घेऊन तलावाकडे निघाली होती. तिला थांबवून हे मोठ्याने वाचून दाखवले, आणि मग पाठवले — ३० जानेवारी २०२६, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे.