गस्तीनौकेची चार दारं

४ नोव्हेंबर, मंगळवार
सुदेशशेठच! आज कागद हातात आला. नौदल नवी गस्तीनौका घेतंय, तिची चार जलरोधक दारं डोंबिवली एमआयडीसीत ह्याच माणसाच्या शेडमध्ये बनलीत. तपासणीला आमच्या ऑफिसातून मी. माझी सही झाल्याशिवाय एकही दार बोटीवर चढणार नाही.

ह्याच शेडमध्ये त्याने बाबांचा डबा सगळ्यांसमोर जमिनीवर उपडा केला होता. चोरलेले पितळी नट शोधायला! निघाली भेंडीची भाजी. तरी दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. मी नववीत होते.

साहेबांना सांगायला हवं — ओळखीच्या माणसाचं काम आपण तपासायचं नसतं. उद्या सांगते.

५ नोव्हेंबर
नाही सांगितलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
घरी बोलले. बाबा ताठ उठूनच बसले! राग नाही, काही नाही. "किती जाडीचा पत्रा गं? बिजागरी कोणी बसवली?"

शाळेच्या आधी मला अक्षरं त्यांनीच शिकवली. दिवा स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत, वेल्डिंगच्या खडूने फरशीवर. अक्षर चुकलं तर पुसू द्यायचे नाहीत. "शेजारी नवं काढ. चुकलेलं दिसू दे." अशा माणसाला चोर म्हणाला तो!

आई म्हणाली, "तू नको जाऊस तिकडे." मी जाणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
केलं.

शेठने ओळखलंच नाही. "मॅडम, चहा? मॅडम, पंखा लावू?" चाचणी साधी असते. चौकटीच्या कडेला खडू फासायचा, दार आवळून बंद करायचं, मग उघडायचं. दाराच्या रबरावर अखंड रेघ उमटली तर पाणी शिरत नाही. पहिलं पास. दुसरं पास. तिसरंही. शेठ फुलतच चालला. "आपल्याकडे काम चोख असतं मॅडम. पूर्वी दोन-चार भुरटे होते, हाकलले."

भुरटे!

चौथ्याची रेघही अखंड होती. तो फोन घ्यायला वळला आणि मी करंगळीने बोटभर रेघ पुसली.

"शेठ, हे बघा. तुटलीय."

नापास. असा उतरला चेहरा त्याचा! रिक्षात बसले आणि आतून गार गार वाटलं.

८ नोव्हेंबर
बाबा — "कशी झालीत दारं?" मी — "वाईट." हळहळले. त्याच्यासाठी? का दारांसाठी?

१० नोव्हेंबर, सोमवार
शेठ आमच्या साहेबांकडे जाऊन रडला. उद्या नौदलाचे अधिकारी स्वतः येणार. चारही दारांवर पाण्याचा फवारा मारणार. चौथं कोरडंच राहणार — मला नाही तर कुणाला माहीत! मी खोटी ठरणार. ठरू दे. चार दिवस त्याच्या पोटात अन्न गेलं नाही, तेवढं पुरे.

११ नोव्हेंबर, मंगळवार
चौथं कोरडं राहिलं. पाणी दुसऱ्यातून आलं. ती रेघ मी बघितलीच नव्हती — शेठचं तोंड बघत होते. कागदावर 'पास'. खाली माझी सही.