राबेनश्टाइन चढल्याची हकिकत

हिंटरमोस,
२९ ऑगस्ट

ती. वाल्बुर्गा वन्सं यांस,

अफ्राचा नमस्कार. (वाकूनच करणार होते, पण मांड्या अशा धरल्यात की वाकले तर सरळ करायला कुणीतरी लागेल, आणि तुमचे बंधुराज गोठ्यात आहेत. तेव्हा खुर्चीतूनच पोचता करते.) आम्ही सगळे मजेत. तुमचं ब्लडप्रेशर, थोरल्याची नोकरी, खालच्या मजल्यावरच्या बाईचं भुंकणारं कुत्रं, सगळं ठिकाणावर असेलच. नसेल तर सविस्तर कळवा, पण आधी माझं ऐका, कारण मला आता दम निघत नाही. वन्सं, या उन्हाळ्यात तुमची भावजय डोंगर चढली! एक नाही, तीन! चौसष्टाव्या वर्षी, या गुडघ्यांनिशी!

हे खूळ कुठून शिरलं म्हणाल, तर तुमच्याकडूनच. गेल्या नाताळात हंसाचं मटण झालं, बटाट्याचे उकडलेले गोळे झाले, वाइन झाली आणि रिवाजाप्रमाणे तुमचा राबेनश्टाइन निघाला. बाविसाव्या वर्षी तुम्ही तो एकटीनं कसा सर केलात, हे मी लग्न होऊन आल्यापासून बेचाळीस नाताळ ऐकतेय. त्याबद्दल तक्रार नाही. पण यंदा तुम्ही नव्या सुनेसमोर वरून फोडणी दिलीत की, "अफ्रा म्हणजे देवळाखालची कोंबडी. जन्म गेला डोंगराच्या पायथ्याशी, पण मान वर करून बघेल तर शपथ!" मला राग आला नाही. (आला. गोळ्यांचं पातेलं मी मुद्दाम आपटलं होतं.) सपाटीवरची मुलगी म्हणून मला हिणवायचं हे घरचं जुनंच आहे, पण सुनेसमोर नको होतं. त्याच रात्री ठरवलं, बर्फ वितळू दे, मग बघतेच.

मे महिन्यात लाल बूट घेतले आणि बिर्केनकोफवर निघाले. पाठीवरच्या पिशवीत चार उकडलेली अंडी, सॉसेज, छत्री, शेकायची रबरी पिशवी, दोन स्वेटर आणि चुन्याच्या गोळ्या. तुमच्या बंधुराजांनी ती पिशवी एका हातानं उचलून पाहिली आणि म्हणाले, "डोंगर चढायचाय की वर जाऊन बिऱ्हाड करायचंय?" मी पिशवी पाठीवर टाकली आणि चालू लागले, श्वास वाचवायचा होता. पहिला तास मी सगळ्या संतांची नावं घेतली, दुसरा तास तुमचं. (वाईट अर्थानं नव्हे. बरं, थोड्या वाईट अर्थानं.) आणि मग झाडं संपली, गवत संपलं आणि एकदम वर काहीच उरलं नाही! वन्सं, मला कुणी सांगितलं कसं नाही? दक्षिणेला एकामागं एक बर्फाचे डोंगर, जणू पंगतीला बसलेत आणि वाढपी कुठं राहिला म्हणून माना उंचावून बघताहेत. आणि उत्तरेला सगळं सपाट, मोजता येणार नाही इतकं, आणि त्या टोकाला डोनाऊ नदीची धुरकट रेघ. म्हणजे माझं माहेर! बेचाळीस वर्षं मला वाटत होतं की ते फार लांब आहे. मी तिथंच अंडं हातात धरून रडले. मग खाली आपलं घर दिसलं, दोरीवर माझी पांढरी चादर दिसली, तिच्याकडे सरकणारा काळा ढग दिसला आणि अंगणात बाकावर आडवे झालेले तुमचे बंधुराजही दिसले. वरून किती ओरडले मी! चादर भिजलीच.

जुलैत झोनेनग्राट. तिथं एका गाईनं माझा नकाशा खाल्ला. गाय बाई तपकिरी, गळ्यात घंटा, वाटेच्या मधोमध उभी. मी अदबीनं म्हटलं, "सरक गं बाई," तर तिनं हातातला नकाशा ओढला आणि माझ्याकडे बघत बघत सावकाश चावला, अगदी तुम्ही माझा प्लमचा केक खाता तसा. मग काय, नाकासमोर गेले. वाट राहिली डावीकडे, मी गवताच्या कड्यावरून चार पायांवर, आणि शेवटी शिखरावरच्या क्रॉसच्या मागच्या बाजूनं एकदम डोकं वर काढलं. पुढच्या बाजूला श्टुटगार्टची एक टोळी डबे उघडून बसली होती. त्यातली एक किंचाळली. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला चीज दिलं. शिखरावर पेटीत एक वही असते, तीत नाव लिहायचं. मी नाव, पत्ता, फोन नंबर, सगळं नीट भरून आले. (एवढं लागत नाही म्हणे. आतापर्यंत तिघांचे फोन आले. एका गृहस्थाला आपल्याकडे भाड्याची खोली हवी आहे.) पण उतरताना पाय दुखतायत की नाचतायत हेच कळेना. घरी येऊन मी स्वयंपाक करताना गात होते. बंधुराजांनी रेडिओ बंद करून ऐकलं, आणि मग पुन्हा लावला.

आणि गेल्या शनिवारी राबेनश्टाइन! बंधुराज कमरेचं निमित्त करून खिंडीतल्या विश्रामघरापर्यंत दुधाच्या जीपमधून आले. मी मात्र पहाटे पाचला निघून चार तास चालत. तिथून पुढं शिखरापर्यंत लोखंडी साखळी आहे, ती तुम्हाला माहीतच आहे. तर साखळी धरली आणि वर गेले. वर क्रॉस आहे. हवा छान होती. चारी बाजूंना डोंगर दिसतात. अगदी तुम्ही सांगता तसंच.

खाली आले तर विश्रामघराच्या अंगणात सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले! गिर्यारोहण मंडळाचे अध्यक्ष त्सेटलर तिथं होते. त्यांनी नाशपातीची दारू पाजली आणि जाहीर केलं की वीस सप्टेंबरला, गुरं डोंगरावरून उतरतात त्या दिवशी, मांडवात बँड लावून मला चांदीचं एडेलवाइसचं फूल देणार. तेव्हापासून बेकरीवाली मला एक ब्रेत्सेल पाव जास्त देते आणि पाद्रीबाबा हॅट काढतात. तर वन्सं, आता या घरात राबेनश्टाइन चढलेल्या दोघी झाल्या, एवढं कळवण्यासाठी हा पत्रप्रपंच. थोरल्याला आशीर्वाद, कुत्र्याला दगड.

तुमची भावजय,
अफ्रा

ता. क. आज रविवार. पाकिटाला जीभ लावली होती, पण चिकटवायला हात होईना. वन्सं, मी वर गेले नाही. साखळी धरून तिसरी पायरी चढले, खाली पाहिलं आणि बसूनच घसरत परत आले. साखळी विश्रामघराच्या मागच्या अंगाला असल्यामुळे पुढं बियर पीत बसलेल्या बंधुराजांना काही दिसलं नाही. पण स्वयंपाकघराच्या दारातल्या बाकावर म्हाताऱ्या क्रेसेन्झबाई बटाटे सोलत बसल्या होत्या. एक्याऐंशीच्या आहेत. त्यांनी मान वर न करता सुरी पुढं केली. "बसलीच आहेस तर हाताला काम दे." मी दोन तासांत दोन बादल्या बटाटे सोलले. शिखर म्हणून जे काही सर केलं, ते एवढंच. मग पुढच्या अंगणात आले, बंधुराज ओरडले, "पोचलीस का गं?" आणि मला श्वास मिळायच्या आधी मान हलली. त्यानंतर टाळ्याच सुरू झाल्या. टाळ्यांमध्ये खरं कसं बोलायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आता पुढचं बसून वाचा. क्रेसेन्झबाई सोलता सोलता म्हणाल्या, "या बाकावरून पुष्कळ जणी शिखरावर जाऊन आल्यात." त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. (एकच घेतलं.) म्हणाल्या, "तुझ्या नणंदेला मी कांदे दिले होते. हात चांगला होता हो पोरीचा." आणि मला सासूबाई सांगायच्या ते आठवलं, तुम्ही उतरलात तेव्हा डोळे लाल होते आणि सासरे गावभर सांगत सुटले होते की पोरीला वर देव दिसला. मी हसले नाही. (हसले. बटाटा सुटून पार दरीत गेला.) पण मग हसू थांबलं. बेचाळीस वर्षं मला हेच हवं होतं, वन्सं, आणि हाती आलं तर गोड लागेना. मला ती बाविशीतली पोरगी दिसली. पुढच्या अंगणात सगळं घर उभं, कुणीतरी विचारतं, "पोचलीस?" आणि मान हलते. मी एकदाच घाबरले आणि उतरले. तुम्हाला मात्र तो डोंगर दर नाताळात पुन्हा चढावा लागला, तोही भरल्या पोटी. शेहेचाळीस वर्षं क्रेसेन्झबाईंनी कुणाला सांगितलं नाही. मीही सांगणार नाही, मग तुम्ही मला कोंबडी म्हणा नाहीतर बदक.

ता. क. २. खरं काम असं की चांदीचं फूल वीस तारखेला आहे आणि मला त्याआधी खरोखर वर जायचंय. एकटीनं होणार नाही. तुम्ही पंधराच्या गाडीनं या. घरी सांगा, अफ्राला प्लमच्या जॅमला मदत हवी आहे. क्रेसेन्झबाईंची मुलगी मोनी लोकांना दोरीनं बांधून वर नेते. गेल्या साली तिनं मठातल्या सहा जोगिणी नेल्या आणि सगळ्या परत आणल्या. अठरा तारखेला गुरुवारी तिनं आपल्या दोघींना वेळ दिलाय. "एक भित्री नेण्यापेक्षा दोन बऱ्या," म्हणाली, "एकमेकींना दाखवायला तरी चढतात." क्रेसेन्झबाईंनाही मी बजावून आलेय, त्या दिवशी भाजी आधीच उरकून ठेवा, आमच्या हाताला काही देऊ नका.

ता. क. ३. साखळी मधे एका ठिकाणी जरा लोंबते. मोनी म्हणते, काही होत नाही. पण दोघींत पहिलं कोण, यावरून आपल्यात वाद नको. मी सून म्हणून या घरात आले तेव्हापासून रीत पाळत आलेय, आताही पाळीन. मान थोरलीचा. तुम्ही पुढं व्हा, मी आहेच मागं.