चैत्राचं तात्पुरतं लॉगिन

३ जून.
आजपासून दिरंगाई बंद. डोळ्यांच्या दवाखान्याच्या ॲपमध्ये कोण आत येणार आणि आत आल्यावर कशाकशाला हात लावणार, हे शुक्रवारी ठरवून टाकतो. तयार सेवा विकत घ्यायची की लॉगिन आपणच लिहायचं? अधिकार हुद्द्याप्रमाणे की कामाप्रमाणे? तुलनेचा तक्ता सुरू केला. रंग छान जमलेत.

६ जून, शुक्रवार.
ठरलं नाही. रकाने कमी पडतात. तोवर सगळ्यांनी आमच्या टीममधल्या चैत्राचं लॉगिन वापरा म्हटलं, तिला सगळे अधिकार आहेत. ती म्हणाली, सर, काही बिघडलं तर माझंच नाव येईल. नवीन आहे, घाबरते. मी बसलोय ना.

१७ जून, दुपार.
दवाखान्याच्या तुमकूरु शाखेतल्या उद्याच्या ऑपरेशनांच्या वेळा पुसल्या गेल्या. म्हणजे मीच पुसल्या, चाचणीचं ॲप समजून. दोन्ही सारखीच दिसतात. डिझाइनचा दोष.

१८ जून.
म्हातारी माणसं पहाटेच्या बसने येऊन परत गेली. आमचे मालक नंजुंडय्या सर म्हणाले, नोंदीत चैत्राचं नाव आहे. ती म्हणाली, लॉगिन सगळेच वापरतात. सर म्हणाले, मग दिलंस कशाला सगळ्यांना? तिने माझ्याकडे बघितलं. मी तक्त्याकडे. रागावलेल्या माणसाशी तांत्रिक बोलू नये. उद्या सांगतो. डोसा अर्धा टाकला, इतकं वाईट वाटलं.

२० जून.
शुक्रवार. सरांची सुट्टी कशाला नासवायची? सोमवारी नक्की.

२३ जून.
चैत्राला महिनाअखेरीस काढणार. रडली नाही. रडली असती तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं. बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकातल्या ट्रॅफिकमध्ये स्वतःची लाज वाटली. लाज वाटते म्हणजे माणूस मुळात चांगलाच.

२५ जून.
सांगितलं एकदाचं. दार लावून. पुसलं मी, सर. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, पोरीसाठी स्वतःवर घेतोयस, मोठं मन आहे तुझं, पण निर्णय बदलणार नाही. तिचं लॉगिन वाटायचं मी ठरवलं होतं, हे तेवढं सांगायचं राहिलं. असो. मी माझं कर्तव्य केलं.

२७ जून.
सरांनी तयार सेवा घ्यायचं ठरवलं. कॉफी पिता पिता. प्रत्येकाला वेगळं लॉगिन. तक्ता उघडलाच नाही.

३० जून.
चैत्राचा शेवटचा दिवस. जाताना पुरणपोळ्यांचा डबा दिला. म्हणाली, आईने होळिगे पाठवलेत, तूप घालून खा. सरांकडून कळलं, माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात. त्या दिवशी गप्प बसलात म्हणून मी घरी तुम्हाला नाही नाही ते बोलले. माफ करा, सर.
मी म्हटलं, असू दे गं. केलं माफ.
घरात तूप नाही. होळिगे उद्या खातो.