काळ्या दगडाखालचं पाणी

वसई, १० मार्च २०२४

ती. यमुनाआत्यास,
वेदांतचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही. म्हणून पत्र. कॉलेज सोडल्याचं बाबांनी कळवलं असेलच, वर चार शिव्याही जोडल्या असतील. मी आता वाडीत आहे. बाबांनी टाकून दिलेली मोगऱ्याची दीडशे झुडपं छाटली, खत घातलं. फूट चांगली आहे.

खरी बातमी जागृतीची. शेजारच्या दयारामकाकांची मुलगी, तुझ्या मागे बोरांसाठी रडायची ती. पानवेलीच्या मांडवात ती पानं खुडत असली की मला माझी कामं सुचत नाहीत. परवा सरळ काकांकडे गेलो आणि तिला मागणी घातली. काका शांतपणे म्हणाले की कॉलेज अर्ध्यावर सोडलंस, उद्या लेकीलाही अर्ध्यावर सोडशील. मी तिथेच भांडणार होतो, पण जागृतीनं डोळे वटारले.

आता हा हंगाम शेवटच्या कळीपर्यंत काढून दाखवतो. मग बघू काय बोलतात.

माझ्यावरचा लोभ बाबांना न विचारता चालू ठेव.
तुझा वेदांत


डहाणू, १९ मार्च

चि. वेदांतास अ. उ. आ.

मागणी घालायला एकटाच गेलास, बापाला न घेता? कपाळ माझं. मुलगी गुणी आहे, तिला तू का आवडावास हे मात्र मला कळलेलं नाही.

एक गोष्ट ऐक. आपल्या आळीतल्या प्रत्येक विहिरीत खालच्या पायरीजवळ काळा दगड बसवलेला आहे. तो उघडा पडला की त्या दिवसाचा उपसा बंद. माझ्या लहानपणी रहाटाला रेडा असायचा. तो दमला की थांबायचा, तेवढ्यात विहीरही दम खायची. मग इंजिनं आली. इंजिन दमत नाही. एका उन्हाळ्यात हावरेपणानं उपसलं आणि समुद्राचं खारं पाणी विहिरीत आलं. आळीतली केळी उभी जळली. त्यानंतर सगळ्यांनी मिळून ते दगड बसवले. विहिरी वेगवेगळ्या दिसतात, पण खालून पाणी एकच आहे.

त्यात तुझ्या बापानं भाड्याच्या खोल्यांसाठी बावखल बुजवलं. पावसाचं पाणी धरून ठेवणारं तेवढं एक तळं होतं. म्हणून सांभाळून. मोगऱ्यापेक्षा दगडाकडे बघ.

जेवणाची हयगय करू नकोस, आणि माझ्या बोलण्याचीही.
तुझी आत्या


वसई, २८ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं होतं. तरी केलं.

एप्रिलमध्ये ऊन असं पडलं की कळ्या फुलायच्या आधीच गळायला लागल्या. दगड सकाळी दहालाच दिसायचा. रोज वाटायचं, आता थांबलो तर काकांचं म्हणणं खरं होईल. दुपारी सगळे आडवे झाले की मी पुन्हा मोटर लावायचो. एकवीस दिवस लावली. बाविसाव्या दिवशी पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलो.

माझा मोगरा करपला, त्याचं जाऊ दे. काकांची विहीरही खारी झाली. त्यांच्या पानवेलींच्या कडा पिवळ्या पडल्यात. काकांना वाटतं हे आळीतल्या नथूचं काम. तो आपल्या विहिरीतून फुलपाड्याच्या इमारतींना टँकर भरून देतो. काकांनी रस्त्यात टँकर अडवला. मी बरोबर होतो. आत्या, नथूची कॉलर सगळ्यात आधी मी धरली. तो सांगत होता की दगड दिसला की मी मोटर बंद करतो, हवं तर येऊन बघा. कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

परतताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, पोरगा गावासाठी उभा राहणारा निघाला, अक्षय्य तृतीयेला साखरपुडा उरकू. जागृती दारात होती. ती हसली नाही, मला वाटलं वेलींमुळे.

मी गप्प राहिलो. गप्पच राहू का, एवढंच सांग.

लोभ उरला असेल तर कळव.
वेदांत


डहाणू, ४ मे

चि. वेदांतास आशीर्वाद.

तुझ्या बापाला मी काही कळवणार नाही. हे सांगायचं काम तुझं आहे.

सांगितलंस तर मुलगी हातची जाईल. खोटा धीर देत नाही. न सांगता ती घरात आली, तर बापाच्या वेली कुणी मारल्या हे लपवत तिच्यासमोर रोज जेवायला बसशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे. वर्षभरात त्याचा राग तिच्यावरच काढशील. आणि नथूचं काय? त्याच्या पोरांना आळीत कुणी पाणीचोराची म्हटलं, तर तू कुठे तोंड लपवशील?

विहिरीचं पाणी पुन्हा गोडं व्हायला तीन चांगले पावसाळे लागतील. तुला तेवढा वेळ नाही.

रागानं लिहिलंय, मायेनं वाच.
आत्या


वसई, ११ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र बुधवारी मिळालं. गुरुवारी सकाळी गेलो.

आधी जागृतीला सांगितलं. ती म्हणाली, तिला माहीत होतं. दुपारी तिला झोप लागत नाही, मोटरचा आवाज रोज ऐकू यायचा. मी आपणहून कधी सांगतो याची ती वाट बघत होती. बापाला सांगितलं असतं तर मी तिच्या हातचा गेलो असतो, नाही सांगितलं तर वेली गेल्या. दोन्हींत तीच अडकली. एवढं बोलून ती आत गेली आणि कडी लावली.

काका मांडवात होते. आदल्या दिवशी वेली उपटून बांधावर टाकल्या होत्या. मी सगळं सांगितलं, एकवीस दिवसांचं, कॉलरचंही. वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी एकदा विचारलं की दगड दिसत होता ना. मी हो म्हटलं. त्यांनी हात धुतले, सदरा घातला आणि नथूकडे माफी मागायला निघाले. मीही येतो म्हटलं, तर हातानंच नको म्हणाले.

काल तृतीया झाली. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. आज सकाळी मी नथूच्या पायरीवर जाऊन आलो. त्यानं ऐकून घेतलं, पाणी विचारलं नाही.

मग काकांच्या मांडवात गेलो. वेली गेल्या तरी आधाराच्या काठ्या उभ्याच आहेत, त्या कुणीतरी काढायला हव्यात. मी एकेक उपटायला लागलो. काका ओटीवर बसून बघत होते. काढ म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. दुपारपर्यंत चार ओळी झाल्या. उद्या पुन्हा जाईन.

तुझ्या मायेला पात्र नाही, तरी मागतो.
वेदांत